दोन हिरवे रंग

"आपल्या वावरावर ड्रोन चालते का नाई, थे पाहून सांग. तू त कम्प्युटरवाला हायेस."

हा प्रश्न माझ्या मामांचा. मामा यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात शेती करतात. कपाशी, मधे तुरीच्या ओळी आणि एका तुकड्यात सोयाबीन. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असेल, की नातेवाइकांच्या लेखी आपण प्रिंटरपासून पीक विम्यापर्यंत सगळ्याचे जाणकार असतो. पण या वेळचा प्रश्न मला आवडला. तालुक्यातला एक ड्रोनवाला एकराच्या हिशोबाने फवारणी करून द्यायला तयार होता आणि मामांना त्याच्याकडून ऐकण्याआधी घरच्या माणसाकडून ऐकायचं होतं.

वरवर पाहता उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच. नकाशा उघडा, वावर शोधा, रंग बघा, फोन करा. पाच मिनिटांचं काम. माझा शनिवार आणि रविवार दोन्ही गेले, आणि ते का गेले हेच आज लिहितोय.

आधी नकाशाबद्दल. भारतात ड्रोनचे नियम फार झपाट्याने बदलले. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (म्हणजे डीजीसीएने) एक सूचना काढून खासगी ड्रोन उडवायला सरळ मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून परवानगीची चौकट आली, पण तिचं तत्त्वच 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' असं होतं. प्रत्येक उड्डाणाआधी यंत्राने सर्व्हरला विचारायचं, सर्व्हर हो म्हणाला तरच पंखे फिरणार. आमच्याकडे पावसाळ्यात मोबाइलची रेंज कशी असते हे ज्याला माहीत आहे त्याला हसू येईल :-) मग २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम २०२१' आले आणि चित्र पालटलं. महिन्याभरात, २४ सप्टेंबरला, 'डिजिटल स्काय' नावाच्या सरकारी संकेतस्थळावर अख्ख्या देशाचा हवाई नकाशा ठेवला गेला. हिरवा, पिवळा, लाल.

हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण यंत्रणेला विचारावं लागतं. लाल भागात थेट केंद्र सरकारला. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीपासूनच सगळं पिवळं. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंत हिरवं आणि त्याच्या वर पिवळं. (आधीच्या नियमांत हा पिवळा घेर ४५ किलोमीटरचा होता. म्हणजे एका विमानतळापायी आपले दोनतीन तालुके गेलेच.) यवतमाळला जवाहरलाल दर्डा विमानतळ आहे, पण मामांचं वावर तिथून चांगलंच लांब.

गंमत म्हणजे खरी अडचण वावर शोधण्यात आली. नकाशाला अक्षांश-रेखांश कळतात, मामांना गट नंबर कळतो, आणि मला फक्त लहानपणीचं कळतं, म्हणजे नाल्याच्या पलीकडे, विहिरीच्या अलीकडे, जिथे धुऱ्यावर मोठं आंब्याचं झाड आहे ते. शेवटी मामांना वावरात उभं राहून व्हॉट्सअॅपवरून ठिकाण पाठवायला सांगितलं. ते टाकलं. हिरवा.

तरीही मी लगेच फोन केला नाही. कारण आमच्या धंद्यातली एक सवय. प्रोग्रॅममध्ये चार अटी 'आणि'ने जोडलेल्या असतील, तर पहिली अट खरी निघाली म्हणून उत्तर खरं होत नाही. चारही खऱ्या लागतात. नकाशाचा हिरवा रंग ही फक्त पहिली अट आहे.

दुसरी अट यंत्राची. ड्रोनचे वजनावरून वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, पुढे मिडियम आणि लार्ज. १० लिटर टाकीचे फवारणीचे ड्रोन भरलेल्या टाकीसकट २५ किलोच्या किंचित आत बसवलेले असतात. (टॅक्सचा स्लॅब चुकवावा तसं. इंजिनिअर सगळीकडे सारखेच.) अशा ड्रोनला नोंदणी हवी, स्वतःचा ओळख क्रमांक हवा. तिसरी अट चालवणाऱ्याची. तो १८ ते ६५ वयाचा हवा, दहावी पास हवा, आणि त्याने मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेलं हवं. वर त्याने प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवशीचे निर्बंध तपासलेच पाहिजेत, हा नियमच आहे. कारण नकाशा कायमचा नसतो. मोठ्या नेत्याचा दौरा असो की दंगलीची भीती, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. शनिवारी हिरवं असलेलं वावर मंगळवारी लाल असू शकतं.

शिवाय हा नकाशा फक्त आकाशाबद्दल बोलतो. आमच्याच जिल्ह्यात घाटंजी-केळापूरकडे टिपेश्वर अभयारण्य आहे, उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे. तिथे ड्रोन न्यायचा तर वनखात्याला विचारावं लागतं, विमानवाल्यांचा नकाशा काहीही म्हणो. आमच्या घरी ड्रोन हा शब्द पहिल्यांदा रोजच्या बोलण्यात आला तोही जंगलामुळेच. २०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीचा शोध चालला होता, त्यात वनखात्याने ड्रोनही वापरले होते. नंतर स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी आली. घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या आणि वरून ड्रोनने फोटो काढायचे. हे दोन्ही ड्रोन फक्त बघणारे. मामांचा ड्रोन काहीतरी खाली टाकणार होता, आणि चौथी अट इथेच सुरू होते.

ही चौथी अट माझ्या लक्षात आणून दिली ती जर्मनीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने. त्याला ड्रोनने फोटो काढायचा नाद आहे. कुठेही सहलीला निघाला की आधी नकाशा उघडतो. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून ड्रोनचे समान नियम लागू झाले, पण कुठे उडवायचं याचा नकाशा प्रत्येक देशाने आपापला करायचा असतो. जर्मनीचा त्यांच्या वाहतूक मंत्रालयाने केलाय, 'डिपुल' नावाचा. त्यात विमानतळ तर आहेतच, पण निसर्गराखीव क्षेत्रं, इस्पितळं, तुरुंग, रेल्वेमार्ग, महामार्ग, वस्त्या असे थरावर थर आहेत. एखाद्या ठिकाणी बोट ठेवलं की कोणता नियम लागतो आणि कोणाला विचारायचं ते उघडतं. मी त्याला मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आमच्याकडे आता शेतकरीसुद्धा ड्रोनने फवारणी करतात. तो म्हणाला, "आमच्याकडे नकाशावर जागा कितीही मोकळी असली तरी हे चालणार नाही."

त्याचं बरोबर होतं. तिथे परवानगीशिवाय उडवता येणारा जो 'खुला' वर्ग आहे, त्याला तीन मोठ्या अटी आहेत. ड्रोन २५ किलोच्या आत हवा, १२० मीटरच्या खाली हवा आणि कायम नजरेच्या टप्प्यात हवा. आकडे जवळजवळ आपलेच. पण त्याच वर्गाला आणखी एक अट आहे. ड्रोनमधून काहीही खाली टाकायचं नाही आणि घातक माल न्यायचा नाही. वर २००९ च्या एका निर्देशाने युरोपीय संघात कीटकनाशकांची हवाई फवारणीच मुळात बंद आहे. अपवाद ठेवलेत, जसे जर्मनीतल्या खड्या उतारांवरचे द्राक्षमळे, जिथे माणसाला पंप घेऊन चढणं धोक्याचं आहे. पण नियम म्हणजे बंदी, आणि सूट मिळवावी लागते.

आपल्याकडे हवाई फवारणीचा धडा केरळने शिकवलाय. कासरगोडच्या काजूबागांवर अनेक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं आणि खाली राहणाऱ्या माणसांनी त्याची किंमत मोजली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली. ड्रोन हेलिकॉप्टरपेक्षा खूप खाली, पिकाच्या डोक्यावरून दोनतीन मीटरवरून जातो, त्यामुळे दोन्हींची सरसकट तुलना करणं अन्यायाचं होईल. म्हणून आपल्याकडे बंदी नाही, पद्धत ठरवली गेली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली. एप्रिल २०२२ मध्ये ४७७ कीटकनाशकांना ड्रोनने वापरण्यासाठी तात्पुरती मंजुरी मिळाली, तीही दोन वर्षांपुरती. म्हणजे चौथी अट अशी : टाकीत जे भरणार ते औषध, त्या पिकावर, ड्रोनने मारायला फवारणीच्या दिवशी मंजूर आहे का? हे आकाशाच्या नकाशात दिसत नाही. ते बाटलीवर आणि यादीत बघावं लागतं.

आणि बाटलीवर काय असतं? पुन्हा रंग!

कृषी केंद्रातून आणलेल्या कुठल्याही बाटलीवर एक चौकोन टोकावर उभा केलेला असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, सोबत कवटी आणि हाडं. पिवळा म्हणजे त्याखालचा. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य. १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली ही पद्धत आहे, ड्रोनच्या नकाशापेक्षा ५० वर्षं जुनी. आणि हिरव्या चौकोनाबरोबरही 'निर्धोक' असं लिहिलेलं नसतं. 'सावधान' असं लिहिलेलं असतं. दोन्हीकडच्या हिरव्याचा अर्थ एकच. इथून पुढे तुम्हाला कोणी अडवणार नाही, काळजी तुमची तुम्ही घ्या.

यवतमाळच्या माणसाला बाटलीवरचा रंग समजावून सांगावा लागू नये. २०१७ च्या पावसाळ्यात, जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी, काही ठिकाणी डोक्याच्या वर वाढली होती. पाठीवर पंप, नळी वर धरलेली, आणि फवारा परत तोंडावर. दोनतीन औषधं एकत्र कालवलेली. प्रत्येक बाटलीवर तिचा रंग होता, पण कालवणाचा रंग कुठल्याच बाटलीवर नसतो. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही औषधांची विक्री तात्पुरती थांबवली, बातम्या देशभर गेल्या. मामांचा सालदार त्या वर्षी सहा दिवस दवाखान्यात होता. पहिले दोन दिवस त्याला समोरची माणसं धूसर दिसत होती. तो वाचला. आजही तो मामांकडेच आहे, आणि फवारणीही तोच करतो. आमच्याकडे कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात आणि फवारण्याला 'औषध मारणं'. भाषेनेच त्यातलं विष काढून टाकलंय.

तर रविवारी मी मामांना फोन केला. म्हटलं, नकाशा हिरवा आहे, पण तुम्ही ड्रोनवाल्याला चार प्रश्न विचारा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक काय? चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र कुठे आहे? त्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा बघणार का? आणि जे औषध मारणार ते कपाशीवर ड्रोनने मारायला मंजूर आहे का?

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाचवा प्रश्न विचारला.

"मंग टाकी कोण भरन?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. कारण त्यामागे साधं गणित आहे. पाठीवरचा पंप १६ लिटरचा धरा. उंच कपाशीला एकरी दहा पंप लागले, तर १६० लिटर पाणी. ड्रोन तेच एकर साधारण १० लिटरमध्ये उरकतो. औषधाची एकरी मात्रा तीच, पाणी सोळा पट कमी. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं पाणी सोळा पट जहाल. फवारणारा माणूस ढगाबाहेर आला हे खरंच मोठं काम झालं. पण बाटली उघडून टाकीत ओतणारा माणूस अजून तिथेच आहे, आणि त्याच्या हातात आता पहिल्यापेक्षा कडक द्रावण आहे. वारा सुटला आणि चार थेंब शेजारच्या वावरात काम करणाऱ्या बाईवर गेले, तर तेही सोळा पट कडक. ड्रोनवाल्यासोबत शिकलेला माणूस नसेल, तर टाकी भरायला कोणाला हाक मारणार हे मामांना ठाऊक होतं. मलाही.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते असं. त्या वावराच्या वरच्या १२० मीटर हवेचा आज नकाशा आहे. यंत्राला क्रमांक आहे, चालवणाऱ्याला वयाची आणि शिक्षणाची अट आहे, परीक्षा आहे, नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आणि त्याच वावरात, त्याच औषधाचा पंप पाठीवर घेऊन जो माणूस शिरतो, त्याला काय आहे? बाटलीला चिकटवलेला, बारीक अक्षरातला, घडी घातलेला एक कागद. त्याचं प्रशिक्षण कोणी तपासत नाही. वारा कुठल्या दिशेचा आहे हे त्याला कोणी विचारत नाही. हातमोजे दिले का, याची नोंद कुठे होत नाही. ड्रोनचे नियम जाचक आहेत असं माझं म्हणणं नाही. उलट ते बरेच शहाणे आहेत. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र हवेत जाताच आपल्याला सुचलेलं हे शहाणपण, पंप पाठीवर होता तेव्हा का सुचलं नाही? आजही जिल्ह्यात बहुतेक फवारणी पाठीवरूनच होते. ड्रोनला परवाना मागणारी यंत्रणा पंपवाल्याला निदान मास्क आणि अर्ध्या दिवसाचं शिक्षण देऊ शकते. त्यासाठी उपग्रह लागत नाही.

मामांनी ड्रोनवाल्याला पाचही प्रश्न विचारले. पहिल्या तिघांची उत्तरं त्याच्याकडे तयार होती, कागदाचे फोटो त्याने पाठवले. चौथ्यासाठी त्याने दुकानदाराला फोन लावला आणि एक औषध बदललं. पाचव्यावर थोडी घासाघीस झाली. शेवटी ठरलं, की त्याचा शिकलेला जोडीदार हातमोजे घालून टाकी भरेल आणि घरचं कोणीही वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहणार नाही. दोन एकर झालं, बाकीचं पुढच्या वेळी बघू म्हणाले मामा.

सालदाराचं म्हणणं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे फवारणीची मजुरी पंपावर ठरते, आणि ती निंदणाच्या रोजीपेक्षा जास्त असते. दोन एकरांचे वीस पंप त्याच्या हिशोबातून गेले. त्याने मामांकडून फोन घेऊन मला विचारलं, "भाऊ, थे ड्रोन मले शिकता येईन का?" मी त्याला दहावीची अट सांगितली. तो सातवीपर्यंत शिकलाय. "मंग पोरगी शिकन," तो म्हणाला. त्याची मुलगी यंदा अकरावीत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने बचतगटांच्या बायकांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली, १५,००० गटांना ड्रोन द्यायचं उद्दिष्ट ठेवून, पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासह. तिची आई एका गटात आहे. पण मुलीला अठरा पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष आहे, तोवर योजनेचं काय होतं ते बघावं लागेल. तो म्हणाला, "ठीक हाय," आणि फोन मामांना दिला.

असो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं घर पुण्या-मुंबईत आणि वावर गावाकडे आहे, हे मला माहीत आहे. घरून असा प्रश्न आला, तर आकाशाचा नकाशा जरूर बघून द्या, पाच मिनिटं लागतात. मग बाटलीचा फोटो मागवा आणि तिच्यावरचा रंग बघा. आणि टाकी कोण भरणार ते विचारा. ड्रोन येणार नसेल, पंपच असेल, तर पंप कोण उचलणार आणि त्याच्या तोंडाला काय बांधलंय तेही विचारा. त्याला कुठलाच नकाशा लागत नाही.